हिरव्या दोऱ्याचं फडकं

आमच्या गॅरेजच्या भिंतीवर एक फडकं एकोणीस वर्षं खिळ्याला लटकत होतं. शेजारी पान्यांची फळी, खाली बॅटरी चार्ज करायचं मशीन. पण नवीन गिऱ्हाईक आलं की त्याची नजर पान्यांवर जायची नाही, त्या फडक्यावर जायची. काळंकुट्ट, मध्ये फाटलेलं, चारी कडा हातानं शिवलेल्या. "हे काय लावलंय?" असं तो विचारायचा. मग दारातल्या खुर्चीवरून बाबा माझ्या दिशेनं हनुवटी उडवायचे आणि म्हणायचे, "त्याला विचारा. त्याचं आहे."

मला विचारायची वेळ कुणावर यायचीच नाही. शेजारचा वेल्डर सांगायचा, हवा भरायला आलेला सायकलवाला सांगायचा, कुणीच नसलं तर दादा सांगायचा. दादा छान सांगायचा, मध्ये मध्ये थांबून, माझ्याकडे हसून बघत. माझं नावही त्यावरूनच पडलं. सगळा रस्ता मला फडकं म्हणतो. "ए फडकं, जॅक लाव." "फडकं, पंक्चर बघ रे." दादाच्या दोन्ही मुली फडकंकाका म्हणतात, आणि त्या बिचाऱ्या लाडानं म्हणतात. वय चाळीस झालं माझं. आई-बाबांनी ठेवलेलं नाव आता मतदार यादीत तेवढं उरलंय.

ते फडकं काय होतं, ते आधी सांगतो. इतकी वर्षं दुसऱ्यांनीच सांगितलंय, एकदा मी सांगतो.

इंजिनाला लागणारी हवा गाळून जावी म्हणून बॉनेटखाली एका डब्यात घड्याघड्यांचा कागदी फिल्टर बसवलेला असतो. डब्यातून एक जाड नळी इंजिनाकडे जाते. फिल्टर बाहेर काढला की नळीचं तोंड उघडं पडतं, आणि डबा पुसताना एखादा खडा, एखादं पान आत घरंगळलं तर ते थेट इंजिनात. म्हणून बाबांचा नेम होता: फिल्टर काढला की नळीच्या तोंडात पहिल्यांदा फडकं कोंबायचं, मग डब्याला हात लावायचा. सुताचा बोळा चालायचा नाही, कारण त्याचे धागे सुटतात. कडा शिवलेलंच फडकं हवं. आई जुन्या पडद्यांचे चौकोन फाडायची आणि दुपारी बसून कडा घालायची. बाबांच्या फडक्यांना लाल दोरा, दादाच्या निळा, माझ्या हिरवा. प्रत्येकाची तीन. आठवडाभरात तेलानं ती अशी काळी व्हायची की दोऱ्याचा रंग ओळखायला थुंकी लावून चोळावं लागायचं. संध्याकाळी आम्ही आमची फडकी दारामागच्या तारेवर टाकायचो. बाबा येऊन बघायचे. एखादं कमी असलं तर त्या दिवशी बाहेर पडलेली प्रत्येक गाडी शोधून आणायची, मग मालक जेवायला बसलेला असो की झोपलेला. दादाची फडकी बघितली जायची, माझी बघितली जायची. बाबांची कोण बघणार? उस्तादाची फडकी तपासणारा अजून जन्माला आलेला नव्हता.

मी एकवीस वर्षांचा असताना बाईंची गाडी आली. बाई म्हणजे शाळेतल्या गणिताच्या बाई. दादाला आणि मला दोघांनाही त्यांनी शिकवलं होतं. माझं गणित यथातथाच होतं, पण एकदा वर्गातलं बंद पडलेलं घड्याळ मी चालू करून दिलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "ह्याची अक्कल बोटांत आहे. तीही अक्कलच असते." माझ्याबद्दल इतकं चांगलं त्याआधी कुणी बोललं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

त्या सकाळी त्यांच्या गाडीचा फिल्टर मीच काढला. फडकं कोंबलं, डबा पुसला, फडकं काढून त्यालाच हात पुसले आणि ते मागच्या खिशात खोवलं. फिल्टर बसवायचा बाकी होता, तेवढ्यात बाबा म्हणाले, "तू टायर घेऊन ये, बाकीचं मी बघतो." मी टायर आणायला गेलो. दुपारी बाई आणि त्यांचे मिस्टर गाडी घेऊन निघाले. पुलाच्या चढावर मिस्टर एका ट्रकला ओलांडायला गेले, त्यांनी पाय दाबला आणि गाडी जागच्या जागी मेली. मागून दुसरा ट्रक आला. तो बाईंच्या बाजूनं लागला. गुडघ्याखालचा पाय गेला नाही, पण राहिला असंही म्हणता येत नाही. तीन ऑपरेशनं झाली. तेव्हापासून त्यांच्या हातात काठी आहे. बातमी आली त्या संध्याकाळी मी फडकी न मोजताच तारेवर टाकून दवाखान्यात धावलो, बाबांनीही ती बघितली नाहीत.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आमच्या दारात आणली. मी दवाखान्यात होतो, बाईंच्या खोलीबाहेर, कुणी पाणी मागितलं तर द्यायला. बाबांनी मिस्टरांसमोर नळी उघडली आणि आतून फडकं निघालं. ते नळीच्या वळणापर्यंत गेलं होतं आणि पाय दाबल्याबरोबर इंजिनानं ते ओढून घेतलं होतं. झडपेनं चावा घेऊन मधोमध भोक पाडलं होतं. मी संध्याकाळी आलो तेव्हा ते टेबलावर पसरलेलं होतं आणि एक कड उलटून ठेवलेली होती. हिरवा दोरा.

"मी काढलं होतं," मी म्हणालो.

बाबांनी मिस्टरांच्या देखत माझ्या कानाखाली वाजवली. मग माझा दंड धरून मला दारामागच्या तारेपाशी नेलं. तारेवर हिरव्या दोऱ्याची दोनच फडकी होती.

मला स्पष्ट आठवत होतं. हात पुसलेले आठवत होते, खिशात खोवलेलं आठवत होतं. पण तारेवर दोनच होती आणि तिसरं टेबलावर होतं. आठ-दहा दिवस मी स्वतःशी भांडलो. मग माझ्या आठवणीनं हात टेकले. मला वाटायला लागलं की तो हात पुसल्याचा प्रसंग दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा असेल. महिनाभरानं मला ते फडकं नळीत विसरल्याचंही आठवायला लागलं. कसं कोंबलं, कसं झाकण लावलं, सगळं. माणूस असा मूर्ख असतो.

बाबांनी ते फडकं भिंतीवर ठोकलं. "रोज दिसलं पाहिजे," म्हणाले. त्या दिवसापासून मी बॉनेटखाली हात घालायचा नाही असा हुकूम झाला. मी पंक्चर काढायचं, गाड्या धुवायच्या, जॅक लावायचा, भंगार भरायचं. इंजिन दादाचं. दोनदा मी दुसरीकडे काम शोधायला गेलो. दोन्ही ठिकाणी माझ्याआधी माझं नाव पोचलं होतं. "तूच का तो?" असं म्हणून त्यांनी मला चहा मात्र पाजला.

आणि दादानं एखाद्या गाडीचं बॉनेट लावलं, की बाबा खुर्चीवरून ओरडायचे, "फडकं काढलंस का?" ते दादाला नसायचं, मला असायचं. गिऱ्हाईक हसायचं, दादा हसायचा. नाइलाजानं मीही हसायचो, कारण न हसता उभं राहणं जास्त कठीण होतं.

बाईंनी शाळा सोडली नाही. त्या रोज चारच्या सुमाराला आमच्यावरूनच घरी जातात, दुसरा रस्ता चढाचा आहे. आधी काठीचा आवाज येतो, टक, मग पाय घासल्याचा आवाज, मग पुन्हा टक. तो आवाज आला की मी उठून उभा राहायचो. हातात काहीही असो. एकोणीस वर्षांत त्यांनी एकदाही मान वळवली नाही. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. माझ्यामुळे ज्यांचा पाय गेला, त्यांनी माझं तोंड का बघावं?

तर आजची गोष्ट.

दादा वहिनीला घेऊन तिच्या बहिणीकडे गेलाय, उद्या येणार. बाबा खुर्चीवर. काचबिंदूनं त्यांची नजर चार वर्षांपूर्वीच गेली. उजेड कुठून येतो एवढं कळतं, पण गॅरेजवरची पकड काही सुटलेली नाही. अडीचच्या सुमाराला दादाचा नेहमीचा टॅक्सीवाला आला. गाडी दारात येईपर्यंत तीनदा खोकली आणि मागे काळ्या धुराचा लोट.

"दादा कुठाय?"

"उद्या येईल."

"उद्या काय करू? पाचला स्टेशनवर सवारी आहे, चार माणसं आणि सामान. चढावर गाडी ओढतच नाही. डिझेल तर नुसतं ढोसतेय."

मी सायलेन्सरपाशी वाकून धूर बघितला. हात नाही लावू दिला म्हणून कान आणि नाक तर कुणी काढून घेतलं नव्हतं. "हवेचा फिल्टर कधी बदललाय?" मी विचारलं.

"मागच्याच महिन्यात. दादानंच तर बदलला."

"मग फिल्टर नसेल," बाबा खुर्चीवरून म्हणाले. "आणि तू हात लावू नकोस. उद्या दादा बघेल."

टॅक्सीवाला माणूस वाईट नाही, पण अडलेला होता. "आजोबा, उघडून बघू तरी द्या त्याला. मी इथंच उभा आहे. फडकं आत राहिलं तर मी काढीन की." आणि तो हसला.

बाबा पण हसले. त्या हसण्यावर मला परवानगी मिळाली. एकोणीस वर्षांनी मी एका गाडीचं बॉनेट वर केलं, ते असं.

डब्याच्या चार क्लिपा. मी एकेक सोडवली. झाकण उचललं आणि फिल्टर बाहेर काढला. मागच्या महिन्यातला म्हणे! घड्यांमध्ये माती अशी ठासून बसली होती की कागद दिसत नव्हता. सुकलेली पानं, पाखरांचे पंख, एक अख्खा चतुर. कडेचं रबर लाकडासारखं कडक झालं होतं. मी फिल्टर दिव्यासमोर धरला. चांगल्या फिल्टरमधून घड्याघड्यांतून उजेड दिसतो, ह्यातून काजव्याएवढाही दिसेना. एका बाजूला मात्र हवा मारल्याच्या खुणा होत्या आणि हवेच्या जोरानं कागद दोन ठिकाणी फाटला होता. दादा बदलत नव्हता. वरवर हवा मारून तोच परत बसवत होता. मी तो टॅक्सीवाल्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "बघ, दादाचं काम." तो बघत राहिला आणि त्याचं हसू जरा उतरलं.

"फडकं लाव," बाबा म्हणाले. बघू शकत नसले तरी झाकण उघडल्याचा आवाज त्यांना ओळखता येतो.

फडकं लावायचं तर शिवलेलं हवं. आईचे डोळे अधू झाल्यापासून शिवलेली फडकी बंद झालीत. दादा कागदाचे रोल वापरतो, ते बोट लागलं तरी फाटतात. असला कागद मी नळीत घालणार नव्हतो. इतक्या वर्षांनी हातात आलेलं काम मला बाबांच्या नेमानं करायचं होतं, एक पायरीही न सोडता. मी इकडे तिकडे बघितलं. अख्ख्या गॅरेजात शिवलेल्या कडेचं एकच फडकं होतं.

मी स्टुलावर चढलो आणि खिळ्यावरचं फडकं काढलं. मला त्यात जरा मजाही वाटली, खोटं कशाला बोलू. म्हटलं, इतकी वर्षं बसून खाल्लंस, आता काम कर.

त्यावर धुळीचा थर होता, म्हणून आधी धुतलं. मागच्या नळाखाली साबण लावून चांगलं घासलं. कापड काही शुभ्र व्हायचं नव्हतं, तेल त्याच्या हाडात मुरलं होतं. ते काळं ते काळंच राहिलं. पण कडेवरची धूळ निघाली आणि हिरवा दोरा वर आला. हिरवागार. नुकत्याच आलेल्या पालवीसारखा.

मी त्याच्याकडे बघत उभा राहिलो. नळ वाहत होता.

कापड तेलानं काळं झालं तेव्हा दोरा त्यातच असता तर तोही काळा झाला असता. आमच्या फडक्यांचा दोरा आठवड्यात काळा पडायचा. हा पडला नव्हता. म्हणजे हा दोरा कापड काळं झाल्यावर घातलेला होता. मी फडकं उजेडात धरलं. हिरव्या टाक्यांच्या शेजारी, अगदी लगत, दुसऱ्या टाक्यांची बारीक भोकं सरळ रेषेत गेली होती. एका कोपऱ्यात गाठीखाली दोऱ्याचा एक तुकडा अडकून राहिला होता, काळा, नखाएवढा. मी बोटाला थुंकी लावून तो चोळला. पुन्हा चोळला.

लाल.

आई मागच्या खोलीत जमिनीवर बसून भाजी निवडत होती. मी ओलं फडकं तिच्यासमोर धरलं.

"आई, हा दोरा कधी घातलास?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही, फडक्याकडे बघितलं. "ते कशाला काढलंस? ठेव जा परत."

"कधी घातलास?"

"मला मेलीला काय आठवतंय आता."

"चारी कडा उसवायच्या, मग पुन्हा शिवायच्या. मी दवाखान्यात बसलो होतो, बाईंना शुद्ध येतेय का बघत. तेवढ्या वेळात झालं का गं सगळं?"

ती एकाच शेंगेचं टोक खुडत राहिली. मग म्हणाली, "दुपारभर लागली."

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. तिनं नाही म्हणावं म्हणूनच बहुतेक मी विचारलं होतं.

"आणि माझं तिसरं फडकं?"

"जाळलं."

"का? मी काय केलं होतं तुमचं?"

"तू काही केलं नव्हतंस रे," ती म्हणाली, जणू काही ती माझी समजूतच काढत होती. "त्या माणसानं, बाईंच्या नवऱ्यानं, ते हातात घेऊन बघितलं होतं. कापडच काळं, दोरा काही त्याला कळला नाही. संध्याकाळी पुन्हा येतो म्हणाला, चार माणसं घेऊन, कुणाचं ते सांगा. उस्तादाच्याच हातून झालं म्हटल्यावर गॅरेजला कुलूप लागलं असतं. दादाचं लग्न ठरलेलं. तू लहान होतास. लहानाची चूक लोक पोटात घालतात."

"घातली का?"

तिनं उरलेल्या शेंगा पुढ्यात ओढल्या.

"दादाला माहीत होतं?"

"घरात हिरवा दोरा संपला होता," आई म्हणाली. "रीळ त्यानंच आणून दिलं."

म्हणजे दादा सायकल काढून दुकानात गेला. रंग जुळावा म्हणून माझं एखादं फडकं बरोबर नेलं असणार, काउंटरवर रिळं लावून बघितली असणार, हे नको, ते दाखवा. जन्मात एवढं एक काम दादानं चोख केलं.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सरळ सांगतो. त्या तिघांचा राग आला, पण तो नंतर आला. आधी चीड आली ती माझीच. बाईंचा पाय मी माझ्या माथ्यावर घेतला होता. त्यांचं ते घासत चालणं मी रोज ऐकलं, आणि रोज मनात म्हटलं, हे मी केलंय. जे मी केलं नाही ते केल्याचं आठवायलाही शिकलो. ह्यांनी फक्त दोरा बदलला, बाकीचं सगळं मी स्वतःच शिवून घेतलं.

"जेवलास का नीट दुपारी?" आईनं विचारलं. मी तिथून निघून आलो.

टॅक्सीवाला घड्याळ बघत होता. गाडीचा काही दोष नव्हता. मी कॉम्प्रेसरच्या हवेनं फडकं खडखडीत वाळवलं, नळीच्या तोंडात कोंबलं, डबा कोपऱ्याकोपऱ्यातून पुसला. फळीवरून नवा फिल्टर काढून जुन्याशी लांबी-रुंदी ताडून बघितली. हवा कुठून कुठं जायची त्याचा बाण बघितला, रबर खाचेत चारी बाजूंनी बोटानं दाबून बसवायची तयारी केली. मग फडकं काढलं, नळीत बोट फिरवून बघितलं, आणि फिल्टर ठेवला. झाकण. चार क्लिपा. माझी बोटं काहीच विसरली नव्हती. एकोणीस वर्षं मी ती टायर घासायला वापरली. गाडी चालू केली आणि पाय दाबला. काळा धूर दोनदा आला, मग निवळला, इंजिन गळा साफ केल्यासारखं बोलायला लागलं.

बॉनेट धाडकन लावलं.

"फडकं काढलंस का?" बाबा ओरडले.

टॅक्सीवाला हसला आणि गाडीत बसला. "जमलं रे तुला," असं म्हणून तो गेला. रस्ता मोकळा झाला. मी बाबांच्या खुर्चीशेजारच्या पत्र्याच्या डब्यावर बसलो.

"काढलं. हात पुढे करा," मी म्हणालो, आणि फडकं त्यांच्या हातात दिलं.

त्यांची बोटं माझ्यासारखीच आहेत, डोळे नसले तरी बघतात. आधी कापड चाचपलं. मधलं भोक लागलं तसं बोट थबकलं. मग अंगठा कडेवरून सरकत गेला, कोपऱ्यापर्यंत, गाठीपर्यंत.

"धुतलंस?"

"हो. दोऱ्याचा रंग काय सुंदर निघालाय, बाबा. तुम्हाला दिसायला हवा होता."

त्यांचा अंगठा पुन्हा गाठीवर गेला.

"आईनं सांगितलं?"

"दोऱ्यानं सांगितलं. आईनं नाही म्हटलं नाही."

"मी तुला घराबाहेर काढलं नाही," बाबा म्हणाले. "पोलिसात जाऊ दिलं नाही. हातापाया पडलो त्या माणसाच्या, तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"गॅरेज टिकलं की नाही? सगळे जेवलो त्याच्यावर. तूही जेवलास." आवाज चढला होता, पण त्यात पूर्वीची धार नव्हती. "आता हे उकरून कुणाचा पाय सरळ होणार आहे? लाव ते परत खिळ्याला. दादा उद्या येईल, रिकामा खिळा बघून दहा प्रश्न विचारेल."

एक शब्द मला हवा होता. चुकलं, एवढाच. तोही मोठ्यानं नको, शेजारच्याला ऐकू जाणार नाही असा चालला असता. मी वाट बघितली. त्यांनी फडक्याची नीट घडी घातली, चौकोनी, कडेला कड लावून, आणि मांडीवर ठेवली.

तेवढ्यात आवाज आला. टक. मग पाय घासला. टक.

माझे गुडघे आपोआप हलले. एकोणीस वर्षांची सवय आहे, ती मला विचारून थोडीच येते. मी डब्याच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या आणि बसून राहिलो.

"बाबा," मी म्हणालो, "बाई आल्यात. आज तुम्ही उठा."

त्यांचा एक हात खुर्चीच्या हातावर गेला. बोटं घट्ट झाली. मला खरंच वाटलं की ते उठतायत. काठी दारासमोर आली. बाबा उठले नाहीत.

आणि काठी थांबली. बाईंनी मान वळवली. केस सगळे पांढरे झालेत त्यांचे, चेहरा तोच, वर्गातला. त्यांनी मला बसलेला बघितला.

"बस, बस," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं उठत होतास. दमला असशील."

मला माहीतच नव्हतं की त्या बघत होत्या. मान न वळवता त्यांनी रोज बघितलं होतं, मी उठतोय की नाही.

मी बाबांकडे बघितलं. त्यांना फक्त तोंड उघडायचं होतं. त्यांनी उघडलंही.

"कोण, बाई का?" ते म्हणाले. "ऊन फार आहे हो. सावकाश जा."

बाई पुढं निघाल्या. टक. घासलेला पाय. टक.

मी उठलो. बाबांच्या मांडीवरचं फडकं उचललं, घडी मोडली, लाल तुकडा होता तो कोपरा वर घेतला, आणि पायरी उतरून रस्त्यावर आलो. बाई काही फार लांब गेल्या नव्हत्या, त्यांना लांब जायला वेळ लागतो. मागे बाबा मांडी चाचपत होते, आधी हळू, मग घाईघाईनं.

"फडकं?" त्यांचा आवाज आला. "अरे, फडकं कुठाय?"

"काढलं, बाबा," मी म्हणालो, आणि बाईंना हाक मारली.